सैतानाला दोन तास, देवाला दोन मिनिटं

"तुमच्याकडे आत्ता एक दार करकरलं," साळवेकाका म्हणाले. "आणि ते दार तुमचं नाही."

रविवारची भर दुपार. मी पॉपकॉर्नचं पातेलं हातात घेऊन दारात उभी. समोर साळवेकाका. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत लावलेली बटणं आणि खांद्यावर टॉवेल.

"तुमच्या घरातल्या सगळ्या दारांना मीच तेल घातलंय. एकही करकरत नाही. म्हणजे हे दार टीव्हीतलं. आधी करकर झाली, मग व्हायोलिन खाली घसरलं. आता कुणीतरी बाई एकटी तळघरात उतरणार. शांती असो ताई, पण ईरा कुठंय?"

ईरा म्हणजे माझी तेरा वर्षांची मुलगी. ती सोफ्यावर उशीमागे होती आणि उशीच्या वर फक्त दोन डोळे दिसत होते. मी वळून पडद्याकडे पाहिलं. एक बाई हातात मेणबत्ती घेऊन, एकटी, तळघराच्या पायऱ्या उतरत होती!

माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पण त्या बाईमुळे नव्हे. भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावर सिनेमातला पुढचा प्रसंग सांगणारा माणूस आपल्या शेजारी राहतो, हे कळल्यामुळे!

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत माझ्या आणि काकांच्या फ्लॅटमध्ये एक भिंत आहे. म्हणजे बिल्डरने ती बांधलेली नाही, नुसती सुचवलेली आहे. काका शाळेत संगीताचे शिक्षक होते. आता निवृत्त आहेत, पण चर्चमध्ये दर रविवारी पेटी अजून तेच वाजवतात. कान असा की एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमचा कुकर आज अर्धा सूर खाली बोलला. रिंग बदला." मी घरी येऊन पाहिलं तर रिंग खरंच गेलेली. आता अशा कानाच्या शेजारी मी राहते, आणि मी कॉलेजात असल्यापासून भयपटांची वेडी! माझा नवरा भयपट लावला की पहिल्या खुनाच्या आत घोरायला लागतो, म्हणून मला सोबतीला ईरा लागते. आणि काकांचं आयुष्यातलं व्रत एकच: भयपट आणि लहान मुलं यांची गाठ पडू द्यायची नाही. तुम्हीच सांगा, हा शेजार कसा टिकायचा?

पण टिकला. कारण काका नुसते विरोधक नव्हते, अभ्यासू विरोधक होते. "न बघता नावं ठेवणं हा आळस आहे," असं त्यांचं मत. म्हणून ते प्रत्येक भयपट स्वतः बघत. बघण्याची पद्धत ठरलेली. सकाळी दहाची वेळ. सगळे पडदे उघडे, लख्ख ऊन घरात. आधी प्रार्थना. मग टीव्हीचा आवाज संपूर्ण बंद, कारण "भीती डोळ्यांतून शिरत नाही ताई, कानांतून शिरते." आणि हाताला चाळा म्हणून मांडीवर परात. हिवाळ्यात मटार सोलायचे, एरवी लसूण.

सिनेमा जितका भयानक तितका लसूण जास्त सोलला जायचा. "परवाचा फार वाईट निघाला," काका सांगत, "अर्धा किलो झाला." आणि तो सोललेला लसूण जिन्यातल्या सगळ्या घरांना वाटत. मला लोणचं घालायचं असलं की मी त्यांना मुद्दाम एखादा जहाल सिनेमा सुचवायची. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. म्हणो बापडे, आधी लसूण सोलून बघा म्हणावं.

आवाज बंद असल्यामुळे काकांना गोष्ट अर्थातच कळायची नाही. मग ते ती स्वतःच लावत. "ती भूत नाहीये हो," एका केस सोडलेल्या, पांढऱ्याफटक बाईबद्दल त्यांनी मला ठामपणे सांगितलं होतं. "बाळंतपणानंतर तिला आराम मिळालेला नाही. डोळ्यांखाली काळं बघा ना! आणि नवरा बघा, पेपर वाचतोय." पात्रांना सूचना देणं तर अखंड चालू असायचं. सकाळी मी स्वयंपाकघरात असले की भिंतीपलीकडून ओरडा ऐकू यायचा, "बटण दाब, बाई! अगं, घरात वीज आहे, मेणबत्ती कशाला घेतेस? बटण दाब!"

मुलांवर त्यांचा इलाज साधा होता. शेवट सांगून टाकायचा! एखाद्या नव्या भयपटाची मुलांत कुजबुज सुरू झाली की काका लिफ्टमध्ये त्यांना गाठून म्हणत, "नवराच निघतो. आणि तो कुत्रा मरतो. शांती असो." मुलं आधी वैतागत, मग हसत, आणि सिनेमा राहून जाई. माझेही चार सिनेमे त्यांनी लिफ्टमध्ये, तळमजला ते तिसरा मजला एवढ्यात मारले. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, निदान मला तरी सोडा, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे!" तर म्हणाले, "तुम्ही चव्वेचाळीसच्या, पण सोफ्यावर शेजारी तेरा बसलंय ना?"

त्यांच्याशी वाद घालण्यात मजा फार यायची. मी म्हणायची, "काका, तुम्हाला तर भयपट आवडायला हवेत. सगळा कारभार तुमच्याच लोकांचा! चर्च तुमचं, पाद्री तुमचा, क्रूस तुमचा."

हे म्हटलं की काका खुर्चीतून उठायचेच.

"तिथंच तर माझं दुखणं आहे! हिशेब बघा तुम्ही. सैतानाला दोन तास, देवाला दोन मिनिटं! सैतान भिंतीवर चढतो, छताला लटकतो, सहा आवाजांत बोलतो. आणि देव? देव शेवटी येतो, एक वीज चमकते, संपलं! पोरांना कोण लक्षात राहणार? आणि क्रूस म्हणजे काय टॉर्च आहे? समोर धरला की भूत पळालं! आणि तो पाद्री! प्रत्येक सिनेमात तो एकटा जातो आणि मरतो. आमचे पाळकसाहेब बघा, साध्या वास्तूच्या प्रार्थनेला जाताना चार माणसं बरोबर नेतात."

"पण शेवटी चांगलंच जिंकतं की!"

"कुठं जिंकतं? शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यातली बाहुली डोळे उघडते. का? तर दुसरा भाग काढायचाय! म्हणजे वाईट कधी संपतच नाही, हे पोरांना तिकीट लावून शिकवायचं!"

मी घाईघाईने विषय बदलला, कारण दुसऱ्या भागाची मी आतुरतेने वाट बघत होते.

मग जरा शांत होऊन ते म्हणत, "जगात वाईट नाही असं मी म्हणत नाही ताई. आहे. चांगलं पसरलेलं आहे. पण पोराची ओळख आधी कुणाशी करून द्यायची? घरच्याशी का तिऱ्हाइताशी? आधी त्याला देव कळू दे, माया कळू दे, मग सैतान काय, तो रस्त्यात भेटणारच आहे."

एवढ्या तळमळीच्या माणसाच्या हातून एवढा गोंधळ कसा झाला, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. चर्चमध्ये रविवारी मुलांची शाळा भरते. तिथे काका मुलांना गाणी आणि गोष्टी शिकवत. एका रविवारी त्यांनी ठरवलं की मुलांना सावध करायला एक भयपट नीट उकलून दाखवायचा. भूत म्हणजे काय, तर नुसता आवाज! पेटी पुढ्यात घेतली. "हे बघा, शेजारची काळी आणि पांढरी पट्टी एकदम दाबली की भूत. आणि मधली एक सोडून पुढची दाबली की नाताळ. बस, एवढंच असतं ते!" इथपर्यंत उत्तम.

पण काका पडले हाडाचे शिक्षक. आवाज दाखवायचा तर गोष्ट हवी, गोष्ट सांगायची तर रंगवायला हवी! पेटीच्या भात्यातून त्यांनी दाराची करकर काढली. मेणबत्ती विझवली. ती बाळंतीण बाई जिन्यावरून कशी आली ते स्वतः चालून दाखवलं. सिनेमा आवाज बंद करून बघितलेला, त्यामुळे सगळे आवाज त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले, आणि ते मूळ सिनेमापेक्षा शंभरपट भयंकर निघाले. दोन मुलं रडली. बाकीची ओरडत होती, "पुढे? पुढे?"

पुढच्या रविवारी वर्गात बसायला जागा नाही! दुसऱ्या चर्चमधली मुलंसुद्धा आली. आणि त्यांच्या पाठोपाठ आया आल्या. कुणाचा मुलगा बाथरूमला एकटा जाईना, कुणाची मुलगी पेटी दिसली की आईच्या मागे लपायला लागली. पाळकसाहेब स्वतः काकांच्या घरी आले. चहा झाला, प्रार्थना झाली, आणि मग भिंतीतून मला त्यांचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "काका, तुमच्यापेक्षा सिनेमा परवडला हो!"

काही महिने काकांनी फक्त पेटी वाजवावी, गोष्टी दुसऱ्या कुणीतरी सांगाव्यात, असं ठरलं. मला हसू आवरेना. पण दोन दिवस भिंतीपलीकडून "बटण दाब" ऐकू आलं नाही, तेव्हा मी थालीपीठं घेऊन गेले. काका खिडकीशी बसले होते. टीव्ही बंद, परात रिकामी.

"एवढं काय जिवाला लावून घेता?" मी म्हटलं. "मुलं बघतात, घाबरतात, चार दिवसांनी विसरतात."

"रूथ नाही विसरली," काका म्हणाले.

रूथ त्यांची नात. काकांची मुलगी लोणी काळभोरला कॉलेजात शिकवते, तिची ही मुलगी, अकरा वर्षांची. दर दिवाळीच्या सुट्टीत आजोबांकडे राहायला येते. एस्तेरकाकू, म्हणजे काकांची बायको, गेल्या त्याला चार वर्षं झाली. मी त्यांना चांगली ओळखायची. त्या हसल्या की आमच्या घरातल्या वाट्या वाजायच्या. नाताळात करंज्यांचं ताट घेऊन यायच्या आणि "मोजू नका, अजून आहेत," म्हणायच्या.

नोव्हेंबर लागला की काकांच्या समाजातली माणसं कब्रस्तानात जातात. आपापल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, धुवायच्या, चुना द्यायचा, फुलं घालायची. एस्तेरकाकू गेल्यापासून त्यांच्या दगडावरची अक्षरं काळ्या रंगाने पुन्हा गिरवायचं काम रूथचं. तिचं अक्षर मोत्यासारखं. काम झालं की ती तिथेच फतकल मारून बसायची आणि आज्जीला शाळेतल्या गमती सांगायची. भीतीबिती कसली? आज्जीकडेच तर आली होती!

गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मोठ्या मुलींनी मोबाइलवर एक भयपट लावला. त्यात कब्रस्तान, धूर, आणि मातीतून वर येणारा हात. नंतर नोव्हेंबरात काकांबरोबर रूथ कब्रस्तानाच्या गेटापर्यंत आली आणि थांबली. "मी नाही येणार," म्हणाली, "आज्जी हात बाहेर काढेल." अक्षरं काकांनीच गिरवली, सगळी वेडीवाकडी.

"माझ्या एस्तेरचं त्यांनी भूत करून टाकलं ताई," काका म्हणाले. "आमची माणसं तिथे शांतपणे निजलीत आणि हे तिथे धूर सोडतात. मला बाकीच्या जगाचं काही नाही हो. तिचीच नात तिला घाबरते, हे मला सोसवत नाही."

तेव्हा मला त्या लसणाचा, त्या लिफ्टमधल्या शेवटांचा अर्थ लागला. ह्या दिवाळीत तरी रूथ आज्जीपर्यंत जावी, एवढ्यासाठी हा माणूस वर्षभर साऱ्या सोसायटीशी भांडत होता. त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, पण हेडफोन घालून.

दिवाळीची सुट्टी लागली. काका स्वारगेटला जाऊन रूथला घेऊन आले. दोन वेण्या, चष्मा, आणि बोलण्यात आजोबांसारखाच ठामपणा. ईराची आणि तिची लगेच गट्टी जमली. काकांनी कब्रस्तानाचा विषय काढला नाही. नुसता काळ्या रंगाचा छोटा डबा आणून तिला दिसेल असा फ्रिजवर ठेवला. रूथने तो बघितला आणि नजर फिरवली. हे मला ईराने सांगितलं. लगेच आमच्याही घरात तीच एक चर्चा: रूथ जाणार का?

आणि नेमके अशा वेळी आमचे सेक्रेटरी देशमुख साळवेकाकांच्या दारात गुच्छ घेऊन उभे!

"हॅपी हॅलोवीन, काका!"

मी आवाज ऐकून बाहेर आले. हा तमाशा चुकवणं शक्यच नव्हतं.

"काय हॅपी?" काका म्हणाले.

"हॅलोवीन! तुमचा सण! आपल्या सोसायटीत गणपती झाला, नवरात्र झालं, ईदला शीरखुर्मा झाला. कमिटी म्हणाली, ख्रिश्चन लोकांचं काहीच होत नाही. म्हणून या वर्षी क्लबहाउसमध्ये जंगी करतोय."

"नाताळ असतो की डिसेंबरात!"

"तो आहेच. हा जादाचा."

"देशमुख," काका एकेक शब्द मोजून बोलायला लागले, "माझ्या आजोबांनी भोपळ्याची भाजी खाल्ली. भरीत खाल्लं. घारगे खाल्ले. भोपळ्याला डोळे पाडून त्याच्या पोटात दिवा आमच्या सात पिढ्यांत कुणी लावला नाही. हा आमचा सण नाही!"

"विनय आहे तुमचा," देशमुख म्हणाले. "मग प्रमुख पाहुणे म्हणून येताय ना?"

देशमुखांशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घालावा, निदान आमची भिंत तरी उत्तर देते. पण काकांच्या डोळ्यांत अचानक चमक आली. "येतो," म्हणाले. "पण मला दहा मिनिटं बोलायला द्या. आणि पेटी आणणार."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कार्यक्रमपत्रिका लागली. फेस पेंटिंग, मग 'लहान मुले आणि भयपट: एक ख्रिस्ती दृष्टिकोन, वक्ते श्री. साळवे', मग पाणीपुरी.

काय रंगला म्हणून सांगू कार्यक्रम! संध्याकाळी सहाला क्लबहाउसमध्ये चाळीसेक चेटकिणी, सांगाडे आणि रक्तपिपासू सरदार सतरंजीवर मांडी घालून बसलेले, आणि समोर पांढऱ्या शर्टात काका. पेटी उघडली. या वेळी गोष्ट नाही, मेणबत्ती विझवणं नाही, पाळकसाहेबांचा धडा पक्का लक्षात होता. काळी-पांढरी दाबली, "भूत!" मुलं ओरडली. मधली सोडून दाबली, "नाताळ!" मग काकांनी एकेका सांगाड्याला पुढे बोलावून भूत वाजवायला लावलं. हशा, टाळ्या, नुसता धिंगाणा! एक चिमुरडी चेटकीण तर भूत संपवून थेट नाताळवर गेली आणि तिथून हलेना.

"आता सांगा," काका म्हणाले, "ज्याचं बटण तुमच्या बोटाखाली आहे, त्याला घाबरायचं?"

"नाही!" सगळं क्लबहाउस गरजलं. पाठीमागे पालक उभे होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. रूथ ईराच्या शेजारी उभी होती. चेहरा फुललेला, आजोबांच्या अभिमानाने मान ताठ. तिने स्वतः जाऊन भूत वाजवलं आणि खळखळून हसली. काकांनी माझ्याकडे बघितलं. जमलं, असं त्यांचे डोळे सांगत होते. मलाही वाटलं, जमलं! परवा ही पोरगी कब्रस्तानात जाणार!

तेवढ्यात देशमुखांना राहवलं नाही.

"आणि आता आपल्या प्रमुख पाहुण्यांसाठी, त्यांच्या संस्कृतीचा मान राखून, एक खास सरप्राइज!" असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातला पडदा ओढला.

मागे थर्माकोलचं कब्रस्तान होतं. कबरींवर क्रूस. कुठल्यातरी यंत्रातून भसाभस धूर. आणि मधल्या कबरीतून काठीला लावलेला रबरी हातमोजा हळूहळू वर आला.

मुलांनी आनंदाने किंकाळ्या फोडल्या. रूथने नाही फोडली. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला आणि ती वळून दाराबाहेर चालायला लागली. ईरा तिच्या मागे धावली.

आता स्फोट होणार, म्हणून मी श्वास रोखला. पण काकांनी पेटीचा भाता हळूच मिटला, अडकवण लावली आणि देशमुखांना म्हणाले, "कष्ट बरेच घेतलेत. शांती असो." एवढंच. पेटी उचलून ते निघाले. ती त्यांना इतकी जड झालेली मी कधी पाहिली नव्हती.

"काकांना आवडलं नाही का?" देशमुख मला विचारत होते. "नेटवर बघून क्रॉस अगदी मापात कापले होते हो!" मी देशमुखांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचे सहा महिने त्यांनी माझ्याकडे मेंटेनन्सचा विषय काढला नाही, एवढं सांगते.

रूथ घरी आल्यावर आजोबांना म्हणाली, "मी परवा येणार नाही. तुम्ही सांगूही नका." काका "बरं" म्हणाले.

कब्रस्तानात जायच्या दिवशी सकाळी काकांनी मला गाडीने सोडायची विनंती केली. बादली, खराटा, चुना, फुलं, एवढं घेऊन बसने जाणं अवघड होतं. रूथला घरी एकटं ठेवता येईना. "मी गाडीतच बसून राहीन," ह्या अटीवर ती आली.

मी कब्रस्तान सिनेमातच पाहिलेलं. धूर नाही, घुबड नाही, बघते तर जत्रा! गेटाबाहेर झेंडूच्या राशी, आत ऊन, माणसं बादल्या घेऊन नळावर नंबर लावून उभी. एक आजोबा दगड घासता घासता सुनेला ओरडत होते. कुणी डब्यातून उपमा वाटत होतं. एक लहान मूल कबरीच्या कठड्यावर पाय सोडून केळं खात होतं. इतकं घरगुती, की मला माझ्या आजवरच्या सगळ्या सिनेमांची लाज वाटली.

पण रूथ बघत नव्हती. मान खाली घालून चष्मा पुसत होती. मी गाडीचं दार उघडं ठेवून तिच्याजवळ थांबले. काका खराटा घेऊन आत गेले. थोड्या वेळाने पाण्याची बाटली विसरली म्हणून आले. मग ब्रश विसरला म्हणून आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा शर्टाच्या बाहीला काळा रंग लागला होता आणि हातात तो डबा होता.

"'ए' बिघडला," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "चिंधी आहे का ताई, पुसायला?"

मी चिंधी शोधायला वाकले.

"आजोबा," मागून रूथ म्हणाली. "आणि खरंच आला तर?"

"काय?"

"हात."

मनात म्हटलं, झालं! आता दोन तास, दोन मिनिटं, काळी, पांढरी, सगळं व्याख्यान इथे गेटावर होणार. काकांनी तोंड उघडलंसुद्धा. पण लगेच मिटलं. ते तिच्याकडे बघत राहिले.

"आज्जीचा?" त्यांनी विचारलं.

"हं."

काका खाली वाकले, गाडीच्या दाराला धरून हळूहळू उकिडवे बसले, तिच्या चेहऱ्यासमोर चेहरा येईल असे.

"आला तर मी धरीन की गं," ते म्हणाले. "पटकन धरीन. परत आत जाऊच द्यायचा नाही."

रूथ त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"इथं नाही वाटत," काका म्हणाले. "मला घरी गेल्यावर वाटते."

मी चिंधी हातात धरून तशीच उभी राहिले. ज्या भिंतीतून मला ह्या माणसाची प्रत्येक शिंक ऐकू येत होती, तिच्यातून एवढं एक कधी ऐकू आलं नव्हतं.

रूथने चष्मा डोळ्यांवर चढवला. गाडीतून उतरली. आजोबांच्या हातातून रंगाचा डबा काढून घेतला, त्यांच्या बाहीवरचा डाग बघून जीभ टाळूला लावून च्यक् केलं, आणि दुसरा हात त्यांना उठायला पुढे केला. काका तो धरून उठले आणि उठल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. दोघं गेटातून आत गेली. चिंधी द्यायची राहिलीच.